दोन भागांमधल्या टाळ्या: एक खुलासा

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफलीला प्रथमच जाणाऱ्याला हमखास बजावले जाते, की सिंफनीच्या (वाद्यवृंदासाठीच्या, अनेक भागांच्या मोठ्या रचनेच्या) दोन भागांमध्ये टाळ्या वाजवू नयेत, कारण तो संगीतकाराचा अपमान असून ही शिस्त मोझार्ट-बेथोव्हेनच्या काळापासून चालत आली आहे. आजचा शिष्टाचार म्हणून सूचना योग्य आहे. दिलेले कारण मात्र चुकीचे आहे. १७७८ साली पॅरिसमध्ये आपली नवी सिंफनी वाजत असताना पहिला भाग संपण्याचीही वाट न पाहता श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हे मोझार्टने वडिलांना पत्रातून मोठ्या आनंदाने कळवले आहे. कार्यक्रमानंतर खुशीत आइस्क्रीम खाल्ल्याचेही तो लिहितो. १८१३ मध्ये व्हिएन्नात बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग तर लोकांनी पुन्हा वाजवून घेतला, अगदी आपल्या नाट्यपदांच्या ‘वन्स मोअर’सारखा. मौनाची रीत १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रुजू लागली आणि २०व्या शतकात पक्की झाली.

बेथोव्हेनच्या ‘कोरल फँटसी’त हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. आधी एकटा पियानो, मग वाद्यवृंद आणि अगदी शेवटी गायकवृंद अशी ही सुमारे २० मिनिटांची रचना सलग वाजते. (१८०८ च्या पहिल्या प्रयोगात मात्र वादकांचा घोळ झाला आणि पियानोवर बसलेल्या बेथोव्हेनने मध्येच थांबवून वादन पुन्हा सुरू करायला लावले.) इतर रचनांच्या वेळी, मग मैफल व्हिएन्नातली असो वा मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रातली, वाद्यवृंदाच्या संचालकाचे हात पूर्ण खाली येऊन तो श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबावे.