वजन वर, माणूस खाली

६ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक. महिलांच्या वेटलिफ्टिंगच्या ४८ किलो गटात जपानची हिरोमी मियाके ८१ किलोचा स्नॅच दोनदा चुकली होती. नियम निर्दय आहे. स्नॅचला (बार एका दमात डोक्यावर) तीन संधी, क्लीन अँड जर्कला (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) तीन. एका प्रकारातल्या तिन्ही गेल्या की बेरीजच होत नाही आणि बेरीज नाही तर क्रमांकही नाही. चारच वर्षांपूर्वी लंडनला हिनेच ८७ आणि ११० असे एकूण १९७ किलो उचलून रौप्य घेतले होते. जपानी महिलेचे वेटलिफ्टिंगमधले ते पहिले ऑलिंपिक पदक. आणि आता ८१ डोक्यावर ठरेना! तिसऱ्या खेपेला ठरले. पुढे शेवटच्या प्रयत्नात १०७ किलोचा जर्कही साधला, बेरीज १८८ झाली आणि कांस्य मिळाले. बार खाली ठेवून तिने त्याला चक्क मिठी मारली.

८७ उचललेल्या बाईला ८१ का जड जावे? ताकद कमी झाली, हे निम्मे उत्तर. उरलेले निम्मे सेकंदाच्या एका तुकड्यात दडलेले आहे.

स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून थेट डोक्यावर. पाहणाऱ्याला वाटते, खेळाडू वजन हात उंच होईपर्यंत ओढत नेतो. तसे कोणी नेऊच शकत नाही. पाय आणि कंबर झटक्यात सरळ करून बारला वेग द्यायचा, एवढेच शरीराच्या हातात असते. समजा, हा वेग सेकंदाला दीड ते पावणेदोन मीटर आहे. मग जोर संपल्यावर बार आपल्या गतीने आणखी ११ ते १६ सेंटिमीटर चढेल, आणि त्याला लागेल सेकंदाचा सहावा भाग. डोळ्याची पापणी लवायलाही साधारण एवढाच वेळ लागतो. त्या वेळात आणि त्यानंतरच्या क्षणभरात खेळाडूने बारखाली शिरून, उकिडवे बसून, कोपरे ताठ करायची. वजन वर जाते त्याहून जास्त माणूस खाली येतो. म्हणून बार दोन बोटे पुढे गेला तरी ताकद असून उपयोग नसतो. तो समोर पडतो.

हिरोमीची उंची १४७ सेंटिमीटर. या खेळात ती अडचण नाही, उलट भांडवल आहे. बार कमी उंच न्यावा लागतो, हे तर उघडच. खरी मेख गणितात आहे. एकाच बांध्याच्या दोन माणसांत एक दुसऱ्याच्या १.२ पट उंच असेल, तर त्याच्या स्नायूंचा छेद १.४४ पट होतो आणि ताकद साधारण त्याच प्रमाणात वाढते. वजन मात्र १.७३ पट होते. म्हणजे मोठा माणूस एकूण जास्त उचलतो, पण स्वतःच्या वजनाच्या तुलनेत छोटाच भारी पडतो. लंडनचे ११० किलो म्हणजे ४८ किलोच्या शरीराच्या जवळजवळ २.३ पट. मुंगीचे कौतुक आपण शाळेत ऐकतो, त्यामागेही हेच गणित आहे.

हे सगळे तिच्या घरात बसल्या जागी शिकण्यासारखे होते. वडील योशियुकी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचे कांस्यविजेते, आणि त्याच गटात सुवर्ण जिंकणारे योशिनोबू हे तिचे थोरले काका. तरीही लहानपणी ती आईकडे पियानो शिकत होती. २००० साली सिडनीत महिलांचे वेटलिफ्टिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले, ते तिने पाहिले आणि वडिलांनाच प्रशिक्षक केले.

बार उचलण्याआधीची काकांची बैठक प्रसिद्ध होती: टाचा जुळवलेल्या, गुडघे बाहेर फाकलेले, अगदी बेडकासारखी. दिसायला गमतीची, पण त्यामागे तरफेचा नियम आहे. गुडघे बाजूला गेले की कंबर बारजवळ येते. समजा, बार कंबरेच्या मणक्यापासून ३० सेंटिमीटर पुढे आहे आणि पाठीचे स्नायू मणक्याच्या जेमतेम ५-६ सेंटिमीटर मागे. मग तो भार तोलायला त्या स्नायूंना त्याच्या पाच-सहा पट जोर लावावा लागतो, आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. बार जितका जवळ, तितकी कंबर सुखी. पण हजारो वेळा वाकल्यावर कोणतीही बैठक पुरत नाही. रिओला हिरोमी कंबरदुखी घेऊनच उतरली होती.

लंडनच्याही आधी ती अथेन्सला नववी आली होती, बीजिंगला सहावी. बीजिंगच्या सुवर्ण आणि रौप्यविजेत्या दोघी पुढे उत्तेजकांच्या चाचणीत सापडून बाद झाल्या, म्हणून ती कागदावर चौथी झाली. तेही काही वर्षांनी. कांस्याच्या एक पायरी खाली. उशिरा मिळालेल्या या न्यायाचे काय करायचे, मला तरी कळत नाही.

पाचवे ऑलिंपिक तिच्याच देशात झाले. २४ जुलै २०२१, टोकियो, ४९ किलो गट. वय ३५. त्या गटात आपली मीराबाई चानूही होती. रिओत दोघी एकाच गटात होत्या. तेव्हा मीराबाईने स्नॅचला ८२ उचलले, पण क्लीन अँड जर्कच्या तिन्ही संधी हुकल्या. टोकियोत तिने ८७ आणि ११५ अशा २०२ किलोंसह रौप्य जिंकले. हिरोमीने स्नॅचला ७४ उचलले. क्लीन अँड जर्कच्या तिन्ही संधी गेल्या. निकालाच्या तक्त्यात तिच्या नावापुढे तो एकच आकडा राहिला, बेरजेची जागा रिकामी, पाच वर्षांपूर्वी मीराबाईची होती तशी.