एटीएम : भारतातील दैनंदिन बँकव्यवहार

बँकेच्या खातेदाराला शाखेत न जाता, कार्ड आणि पिन म्हणजे गुप्त क्रमांक वापरून, दिवसाच्या कोणत्याही वेळी खात्यातील रोख रक्कम काढून देणारे स्वयंचलित यंत्र म्हणजे एटीएम. पैसे काढणे हा त्याचा मुख्य उपयोग असला, तरी शिल्लक पाहणे, शेवटच्या काही नोंदींची पावती घेणे, पिन बदलणे आणि कॅश रिसायकलर प्रकारच्या यंत्रात नोटा भरणे ही कामेही त्यावर होतात. भारतात अशी सुमारे अडीच लाख यंत्रे आहेत. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय सर्वत्र रुजली असली, तरी खात्यात जमा झालेला पगार, निवृत्तिवेतन किंवा अनुदान हातात रोख घेण्यासाठी बहुसंख्य लोक आजही याच यंत्रापुढे उभे राहतात.

रोख देणारे पहिले सार्वजनिक यंत्र बार्कलेज बँकेने उत्तर लंडनमधील एनफील्ड येथे 27 जून 1967 रोजी सुरू केले. त्यामागची कल्पना जॉन शेफर्ड-बॅरन यांची होती आणि त्यांचा जन्म 1925 मध्ये शिलाँगला झाला होता. त्या यंत्रात प्लॅस्टिकचे कार्ड नसून खास कागदी चेक घालावा लागे. भारतातील पहिले एटीएम एचएसबीसी बँकेने 1987 मध्ये मुंबईत बसवले. त्यानंतरची कित्येक वर्षे ज्या बँकेचे कार्ड त्याच बँकेचे यंत्र, अशीच स्थिती होती. ती मोडण्याचा पहिला प्रयत्नही मुंबईतच झाला : इंडियन बँक्स असोसिएशनने 1997 मध्ये ‘स्वधन’ हे सामायिक जाळे उभारले, पण 2003 च्या अखेरीस ते बंद पडले. खरा बदल घडला तो हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेने 2004 मध्ये ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’, म्हणजे एका बँकेच्या एटीएममधील मागणी दुसऱ्या बँकेकडे पोहोचवणारी सामायिक यंत्रणा, सुरू केल्यावर. पुढे हे जाळे देशातील देयकव्यवस्था चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे सोपवण्यात आले. कोणत्याही बँकेचे कार्ड कोणत्याही एटीएममध्ये चालते, ही आज गृहीत धरली जाणारी सोय या स्विचवर उभी आहे, आणि भारतीय बँकव्यवहाराच्या इतिहासात तिला नव्या शाखा उघडण्याइतकेच महत्त्व द्यायला हवे.

यंत्राच्या वरच्या भागात पडदा, कळफलक, कार्ड वाचणारा भाग आणि संगणक असतो, तर खालच्या भागात पोलादी तिजोरी असते. तिजोरीत साधारणपणे चार कॅसेट म्हणजे नोटांच्या पेट्या असतात आणि प्रत्येक पेटी एकाच मूल्याच्या नोटांसाठी जुळवलेली असते. खातेदाराने रक्कम टाकली की मागणी स्विचमार्फत त्याच्या बँकेकडे जाते. तेथे पिन, शिल्लक आणि मर्यादा तपासून रक्कम प्रथम खात्यातून वजा होते आणि मगच यंत्राला नोटा देण्याची परवानगी मिळते. त्यानंतर रबरी चाकांनी किंवा हवेच्या ओढीने पेटीतील नोटा एकेक करून उचलल्या जातात. प्रत्येक नोटेची जाडी तपासली जाते. दोन नोटा चिकटून आल्या, किंवा नोट दुमडलेली वा फाटलेली असली, तर ती बाहेर न येता नाकारलेल्या नोटांच्या खणात पडते. पैसे येण्यापूर्वी ऐकू येणारी खडखड ही या मोजणीची असते.

आधी खात्यातून वजा आणि मग नोटा हातात, हा क्रम समजून घेतला की एटीएमच्या सर्वात त्रासदायक बिघाडाचा उलगडा होतो. परवानगी मिळाल्यानंतर वीज गेली, जोडणी तुटली किंवा नोट अडकली, तर मोबाइलवर रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो आणि यंत्रातून मात्र काहीच बाहेर येत नाही. अशा वेळी यंत्राने रद्दतेचा संदेश पाठवणे अपेक्षित असते व पुष्कळदा काही मिनिटांत रक्कम परत जमाही होते. पण जोडणीच तुटलेली असेल, तर यंत्राच्या नोंदी आणि पेट्यांमधील प्रत्यक्ष नोटा यांचा ताळेबंद जुळवेपर्यंत थांबावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार ही रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत खात्यात परत आली पाहिजे; त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने 100 रुपये भरपाई द्यायची असते, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. तक्रार करावी लागलीच, तर ती यंत्र ज्या बँकेचे आहे तिच्याकडे नव्हे, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे करायची असते. हा साधा नियम माहीत नसल्याने अनेक खातेदार दोन शाखांमध्ये हेलपाटे घालत राहतात. पावती आली असेल तर जपून ठेवावी. आली नसेल, तर यंत्राचे ठिकाण, तारीख व वेळ टिपून ठेवल्यास शोध लवकर लागतो. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते व त्यासाठी शुल्क पडत नाही.

दुसऱ्या बँकेचे यंत्र वापरले की कार्ड देणारी बँक यंत्राच्या मालकाला ठरावीक मोबदला देते. 1 मे 2025 पासून तो पैसे काढण्याच्या प्रत्येक व्यवहारामागे 19 रुपये आहे. खातेदाराला दरमहा स्वतःच्या बँकेच्या यंत्रांवर किमान पाच, तर इतर बँकांच्या यंत्रांवर मुंबईसह सहा महानगरांत तीन व अन्यत्र पाच व्यवहार विनामूल्य मिळतात. त्यापुढे प्रत्येक व्यवहाराला कर वगळून 23 रुपयांपर्यंत शुल्क घेता येते. इतर बँकेच्या यंत्रावर नुसती शिल्लक पाहिली, तरी एक विनामूल्य व्यवहार खर्ची पडतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तांत्रिक बिघाडामुळे किंवा यंत्रात रोख नसल्यामुळे फसलेला व्यवहार मात्र या मोजणीत धरता येत नाही. एकदम मोठी रक्कम काढणाऱ्याला या शुल्काची झळ पोहोचत नाही. ज्याच्या खात्यात मुळातच थोडे पैसे असतात आणि जो गरजेपुरते पाचशे-पाचशे काढतो, त्याला ते जाणवते. या रचनेतला हा दोष अजून दूर झालेला नाही.

खेड्यांत यंत्रे पोहोचावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये बँक नसलेल्या कंपन्यांनाही ‘व्हाइट लेबल’ एटीएम चालवण्याची मुभा दिली. त्यांपैकी पहिले यंत्र, टाटा समूहाचे इंडिकॅश, जून 2013 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील चंद्रपाडा या गावी सुरू झाले. एप्रिल 2025 मध्ये मध्य रेल्वेने मनमाड–मुंबई पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बँक ऑफ महाराष्ट्रचे एटीएम प्रायोगिक तत्त्वावर बसवले.

सुरक्षिततेच्या बाबतीत चुंबकीय पट्टीच्या जागी आलेली चिप हा सर्वात मोठा फरक ठरला, कारण पट्टीवरील माहितीची नक्कल करणे फार सोपे होते. स्टेट बँकेने सप्टेंबर 2020 पासून आपल्या यंत्रांवर 10,000 रुपये व त्याहून अधिक रक्कम काढताना मोबाइलवर येणारा ओटीपी चोवीस तास बंधनकारक केला. तरीही धोका फक्त कार्डातच असतो असे नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात बनावट स्विच उभा करून खोट्या परवानग्या दिल्या गेल्या आणि नक्कल केलेल्या कार्डांनी 28 देशांतील एटीएममधून पैसे काढण्यात आले. एकूण नुकसान सुमारे 94 कोटी रुपयांचे होते. खातेदाराच्या हाती असलेली खबरदारी मात्र जुनीच आहे : पिन टाकताना दुसऱ्या हाताने कळफलक झाकावा, अनोळखी माणसाच्या हाती मदतीसाठी कार्ड देऊ नये, आणि कार्डाच्या खाचेवर काही सैल किंवा वरून बसवलेले दिसले तर तेथे व्यवहार करू नये. ज्यांना पडदा वाचता येत नाही अशा वृद्ध व निरक्षर खातेदारांना ही दुसरी सूचना पाळणे सर्वात कठीण जाते. दृष्टिहीनांसाठी जुलै 2014 पासून प्रत्येक नवे यंत्र बोलणारे आणि ब्रेल कळफलकाचे असावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे.

यंत्र कितीही चांगले असले तरी त्यात नोटा नसतील तर ते निरुपयोगी ठरते. रोख भरण्याचे काम बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कंपन्यांच्या बंदिस्त गाड्या करतात. 2019 पासून लागू असलेल्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नियमांप्रमाणे शहरांत रात्री नऊनंतर, ग्रामीण भागांत सायंकाळी सहानंतर आणि नक्षलप्रभावित भागांत दुपारी चारनंतर रोख भरली जात नाही. त्यामुळे अशा भागात दुपारनंतर रिकामे झालेले यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहते. महिनाभरात दहा तासांहून अधिक काळ यंत्र रोखीविना राहिल्यास 10,000 रुपये दंड आकारण्याची तरतूद ऑक्टोबर 2021 पासून आहे. पेटी एका ठरावीक आकाराच्या नोटेसाठी जुळवलेली असते, या बाबीचे महत्त्व नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत सर्वांना कळले : 500 व 2000 च्या नव्या नोटा जुन्यांपेक्षा लहान असल्यामुळे देशभरातील प्रत्येक यंत्रापाशी तंत्रज्ञ जाऊन पेट्या नव्याने जुळवाव्या लागल्या आणि तोवर बाहेर रांगा लागून राहिल्या.

आजची तक्रार सुट्ट्या पैशांची आहे. पेट्यांत 500 च्या नोटा भरल्या की गाडीच्या एका फेरीत अधिक रक्कम मावते व फेऱ्या कमी होतात, म्हणून एटीएम चालवणाऱ्या बँका व कंपन्यांचा कल तिकडेच असतो. भाजीवाल्याला चाळीस रुपये देण्यासाठी पैसे काढणाऱ्या माणसाला मात्र ती नोट मोडत फिरावे लागते. यावर रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये आदेश काढला, की 30 सप्टेंबर 2025 पर्यंत 75 टक्के आणि 31 मार्च 2026 पर्यंत 90 टक्के एटीएममधील किमान एका पेटीतून 100 किंवा 200 रुपयांच्या नोटा मिळाल्या पाहिजेत.