"ऊन लागलं" म्हणजे नेमकं काय: उन्हाचा थकवा की उष्माघात?

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळिशीच्या पुढे सरकला की बांधकामावर एखादा गडी मटकन खाली बसतो आणि सगळे म्हणतात, "ऊन लागलं." पण ऊन दोन तऱ्हांनी लागतं. उन्हाचा थकवा सावली-पाण्याने उतरतो. उष्माघातात तेवढ्याच वेळात जीव जाऊ शकतो.

थकव्यात घामावाटे पाणी आणि मीठ गेलेलं असतं. बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, डोकं ठणकतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. पण गडी विचारलं त्याचं नीट उत्तर देतो. त्याला सावलीत आडवा करा, बूट-हेल्मेट काढा, पाय वीतभर उंच ठेवा, ओआरएस घोट-घोट पाजा. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अर्ध्या तासात तरतरी आली नाही किंवा उलट्या थांबेनात, तर दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा घण हातात देऊ नका.

उष्माघातात आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. गडी काहीबाही बरळतो, विनाकारण चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. नेमकी इथेच चूक होते. झोकांड्या बघून "पिऊन आलाय" म्हणत त्याला कोपऱ्यात झोपवतात. झटके आले की मिरगी समजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. एकेक मिनिट मोलाचं असताना दहा मिनिटं अशी जातात.

घाम थांबला तरच उष्माघात, हा समजही घातक आहे. म्हाताऱ्या-आजारी माणसाची कातडी बऱ्याचदा कोरडी पडते, पण ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र) चालवणारा गडी घामाने निथळत असतानाही उष्माघातात असू शकतो. काखेतला थर्मामीटरही आतली उष्णता कमी दाखवतो. म्हणून बोलणं तपासा: नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता? उत्तर भरकटलं की उष्माघातच धरून चाला.

एकाने १०८ लावायचा, बाकीच्यांनी जागच्या जागी त्याला गार करायला लागायचं. गाडीची वाट बघत बसू नका. क्युरिंगचा (नव्या काँक्रीटवर पाणी मारायचा) पाइप जवळच असतो, पण तो उन्हात पडलेला असेल तर आधी चटका देणारं पाणी निघतं. ते सोडून द्या. हाताला गार लागलं की डोक्यापासून पायापर्यंत ओता आणि पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ओल्या अंगावरचं पाणी झपाट्याने उडतं आणि उष्णता घेऊन जातं, कूलरसारखंच. जूनच्या तोंडावर हवा दमट झाली की नुसत्या वाऱ्याने भागत नाही, पाणी आणि बर्फ जास्त लागतो.

शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलही नको, हा आजाराचा ताप नव्हे, गोळीने उतरत नाही. बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण स्नायू आणि किडनीचं नुकसान मागाहून दिसतं. लघवी काळ्या चहासारखी होणं ही त्याचीच खूण.

पाडकामावर जास्त जपावं लागतं. तिथं नळ आधीच तोडलेला असतो, त्यामुळे ऐनवेळी बादलीभर पाणी सापडत नाही. पहिला घाव घालण्याआधी २०० लिटरचा ड्रम सावलीत भरून ठेवा, सोबत दोन चादरी. वरचा स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो, म्हणून तो सकाळी ११ च्या आत फोडा. सळई वेगळी करण्याचं काम दुपारी सावलीत घ्या. दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो.

सर्वांत जास्त धोका नव्या गड्याला, पहिल्या आठवड्यात. त्याला पहिल्या दिवशी उन्हातलं पाचवा हिस्सा काम द्या, रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. लग्नसराईत आठ-दहा दिवस गावी राहून आलेला जुना गडीही पहिल्या दिवशी निम्म्यावरच ठेवा. हजेरी मात्र दोघांचीही पूर्ण लावा, नाहीतर खाडा पडेल या धास्तीने गडी चक्कर लपवतो.