जनावरांना मन असतं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मांजर रुसलं, कुत्रा ओशाळला, कावळा लबाड आहे, असं आपण सहज बोलून जातो. निर्जीव वस्तूंनाही माणसासारखं वागवलं की तो चेतनगुणोक्ती अलंकार, हे शाळेतच शिकलेलं असतं. कवितेत त्याला कुणाची हरकत नाही. विज्ञानात मात्र याच सवयीवरून दीडशे वर्षं वाद चालू आहे.

या सवयीबद्दलची शंका त्याहूनही जुनी आहे. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपले देव बैलांसारखे, घोड्यांसारखेच रंगवले असते, असं ग्रीक कवी झेनोफनीस इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात म्हणून गेला. त्याचा रोख देवांवर होता. जनावरांच्या बाबतीत हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो डार्विननंतर. माणूस आणि इतर प्राणी एकाच वंशवृक्षावरचे, तर मनाचा अंशही सामायिक असणारच, हा विचार धरून ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज रोमेन्स यांनी १८८२ मध्ये प्राण्यांच्या हुशारीचे किस्से गोळा करून ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातले बरेच किस्से इतरांनी कळवलेले होते. त्यावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये लगाम घातला: साध्या क्षमतेने वागण्याचा उलगडा होत असेल, तर वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नये. त्यांचा टोनी नावाचा कुत्रा डोक्याने फाटकाची कडी उचलायचा. पाहणाऱ्याला वाटे, काय डोकं आहे! मॉर्गन यांनी मात्र सुरुवातीपासूनची त्याची धडपड आणि योगायोगाने उघडलेली कडी पाहिली होती.

मग आला बर्लिनचा घोडा हान्स. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाने त्याला कित्येक वर्षं एखाद्या विद्यार्थ्यासारखं शिकवलं होतं. हान्स खूर आपटून बेरजा सोडवायचा, तारखा सांगायचा. १९०४ मध्ये नेमलेल्या समितीला यात कसलीही लबाडी सापडली नाही. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी पुढे बारकाईने तपासलं, तेव्हा कळलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. गणित येत नव्हतं हे खरं, पण माणसालाही न जाणवणारी ती हालचाल टिपणारी नजर हीच मोठी गोष्ट होती. ‘घोडा फसवा निघाला’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९१३ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनी वर्तनवादाची, म्हणजे फक्त डोळ्यांना दिसणारं वागणंच अभ्यासायचं या मताची, घोषणा केल्यावर मनाचं नावही घेणं अवघड झालं. पण सवय सुटेना. १९४४ मध्ये हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एका वर्तुळाची साधी चित्रफीत दाखवून, काय दिसलं ते लिहायला सांगितलं. ३४ जणींपैकी फक्त एकीने जवळपास निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना त्यात पाठलाग आणि भांडण दिसलं.

मानवी शब्दांवरच्या या बंदीची किंमत किती होती, हे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं. फ्लोरिडातल्या प्रयोगशाळेत चिंपांझींच्या स्वभावाचं वर्णन मानवी शब्द टाळून करायचा प्रयत्न दोन वर्षं झाला. हाती आली ती अर्थ न लागणाऱ्या कृतींची यादी. ‘हा भित्रा’, ‘ही माणसांचा द्वेष करते’ असं सरळ सांगितलं की नवा कर्मचारीही त्यांच्याशी सुरक्षितपणे वागू शके. माझ्या मते या वादातला हा सर्वांत वजनदार पुरावा आहे. ज्याचा हात पिंजऱ्यात जातो, त्याला जनावराचा स्वभाव ओळखावाच लागतो.

चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल १९६० मध्ये आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात गेल्या, त्यांनी चिंपांझींना नावं दिली. पुढे केंब्रिजमध्ये त्यांना सांगण्यात आलं की क्रमांक द्यायला हवे होते. त्या बधल्या नाहीत. माणूस आणि प्राणी यांच्यातलं दिसणारं साम्य नाकारणं हीदेखील चूकच, असं वानरांचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी १९९० च्या दशकाअखेरीस ठामपणे मांडलं.

आज दोन्ही बाजू एकाच प्रयोगात दिसतात. कुत्र्याला काय समजतं हे संशोधक मोकळेपणाने विचारतात, आणि मालकाकडून नकळत इशारा जाऊ नये म्हणून अनेकदा मालकालाच डोळे मिटून बसायला सांगतात.