जुन्या केबिनखाली नवी चेसिस

आडव्या पट्ट्यांची जाळी, फुगीर मडगार्ड आणि टोपी ओढून बसल्यासारखी गोलसर केबिन. 1947 साली आलेली शेव्हरोले 3100 ही पिकअप अमेरिकेत लोक आजही कुठल्या तरी कोठारातून शोधून काढतात. तिची बॉडी देखणी आहे, यात वाद नाही. बॉडीखालचा कारभार मात्र वेगळ्याच काळातला. सुमारे 3.5 लिटरचं, 90 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर 4.11, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमध्येही चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे 4.11 फेरे. ताशी 100 किलोमीटर वेग गाठायचा, तर इंजिनाला मिनिटाला 3000 फेरे घ्यावे लागतात, आणि त्याची कमाल शक्तीच 3300 फेऱ्यांना येते. शिवाय पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल मिळायचं ते बरंचसं शिंतोड्यांवर. शेतातून बाजारात जायला हे पुरेसं होतं. आजच्या महामार्गावर तासभर पळवायला नाही.

म्हणून लोक एक धाडसी उपाय करतात. जुनी केबिन आणि मागचा हौदा उचलायचा, आधुनिक डिझेल पिकअप उघडी करायची आणि तिच्या चेसिसवर, म्हणजे इंजिन आणि ॲक्सल पेलणाऱ्या पोलादी चौकटीवर, ही जुनी बॉडी ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं, बाटलीचं झाकण बदलावं तसं.

नुसतं इंजिनच का बदलत नाहीत? बदलतात की. 1989 च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये आलेलं कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन या कामात फार लाडकं आहे. पण ते एकटंच जवळजवळ 500 किलोचं, आणि त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुरुवातीपासूनच 540 न्यूटन-मीटरच्या घरात. ते जुन्या चौकटीत बसवलं की पुढचे पाटे बदला, मग स्टिअरिंग, मग गिअरबॉक्स, मग मागचा ॲक्सल. ब्रेक तर बदलायलाच हवेत, कारण गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 ऐवजी 100 ने जाणारी तीच गाडी थांबवताना ब्रेकना पावणेतीनपट उष्णता गिळावी लागते. एवढं सगळं बदलायचंच, तर एकमेकांशी आधीच जुळलेला अख्खा संच का घेऊ नये? हा विचार मला पटतो. फक्त तो संच कुणाशी जुळलेला आहे, हे विसरून चालत नाही. प्रत्येक चेसिस एका ठरावीक बॉडीचं वजन, लांबी आणि रुंदी गृहीत धरून बनते.

पहिलं गृहीतक लांबीचं. 3100 च्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 116 इंच, सुमारे 2.95 मीटर. आजच्या दणकट डिझेल पिकअपचा व्हीलबेस सहज साडेतीन मीटरच्या पुढे जातो. चाकंही जुन्या मडगार्डांच्या बाहेर डोकावतात. बॉडी ताणून लांब केली तर तिचं रूप जातं, म्हणून बहुतेक जण चेसिस कापतात.

कापायची कुठे, यात खरं कौशल्य. चौकटीचा दांडा म्हणजे दोन्ही टोकांना चाकांवर टेकलेली तुळई. तिच्यावर वाकवणारा जोर सगळीकडे सारखा नसतो. स्प्रिंगांचे ब्रॅकेट आणि आडवे दांडे जिथे जोडलेले असतात तिथे ताण एकवटतो. अशा जागा टाळायच्या. सरळ उभा काप घेतला तर वेल्डिंगची अख्खी रेघ एकाच छेदात येते. वेल्डिंगच्या उष्णतेने बाजूच्या पोलादाची रचना बदललेली असते, त्यामुळे तोच छेद सगळ्यात दुबळा ठरतो. म्हणून पायरीसारखा काप घेतात. कमजोर पट्टा दांड्याच्या लांबीवर पसरतो, आणि आतून पट्टीचा आधार देतात. काही अवजड ट्रकांचे दांडे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेले असतात. त्यांना वेल्डिंगची ज्योत लागली की ती ताकद त्या जागी उतरते, तिथे हा उद्योग न केलेलाच बरा.

जोडण्याआधी चौकट काटकोनात आहे का हे तपासायला संगणक लागत नाही. चार ठरलेल्या बिंदूंवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे निघाले नाहीत तर चौकट तिरकी आहे, आणि अशी गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी चालते.

चेसिस आखूड झाल्याचा परिणाम ब्रेक दाबल्यावर कळतो. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकांवर सरकतं. किती, ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवर ठरतं. समजा, गाडी 2500 किलोची, गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटरवर आणि ब्रेक जोरदार, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट. व्हीलबेस 3.5 मीटर असेल तर 400 किलोचा भार पुढे सरकेल. तोच 2.9 मीटर केला तर सुमारे 480 किलो. मागे रिकामा हौदा, पुढे जड डिझेल इंजिन, त्यात ही भर. मागची चाकं आधीच हलकी असतात, ती आणखी हलकी होतात.

आता पिळाकडे येऊ, कारण या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग तो आहे.

जुन्या ट्रकचे दांडे बहुधा उघड्या नाळीच्या आकाराचे असत, तीन बाजू बंद आणि एक उघडी. आधुनिक चेसिसचे दांडे चारही बाजूंनी बंद, पेटीसारखे. वाकण्याच्या बाबतीत या दोघांत फरक आहे, पण डोळे विस्फारावेत असा नाही. पीळ दिला की मात्र कहाणी बदलते. 150 मिलिमीटर उंच, 65 रुंद आणि 5 जाड पत्र्याची नाळ घ्या. मग त्याच मापाची बंद पेटी घ्या. हिशोब केला तर पेटी पिळाला सुमारे 300 पट जास्त विरोध करते. पोलाद वाढलं ते फार तर दीडपट. एक बाजू बंद करण्याने हा फरक पडतो. कागदाची सुरळी हातात धरून पिळून पाहा, मग तिची कड चिकटवून पुन्हा पिळा. फरक बोटांनाच कळेल.

जुनी चौकट खाचखळग्यांत पिळवटायची, आणि तसं होणं तिच्या रचनेत धरलेलंच होतं. चाकं जमीन सोडू नयेत म्हणून अख्खी गाडीच थोडी वळायची. केबिन त्या पिळात सापडू नये म्हणून ती मोजक्या ठिकाणी, मधे रबर घालून टेकवलेली असे. नव्या ताठ चेसिसवर पीळ कमी, म्हणजे जुन्या पत्र्याला सुखच. पण इथेच घोडं पेंड खातं. चेसिस ताठ आहे म्हणून काही जण केबिन थेट वेल्ड करून टाकतात. ताठ म्हणजे न पिळणारी नव्हे. राहिलेला थोडासा पीळही मग थेट पत्र्यात उतरतो आणि दाराच्या, काचेच्या कोपऱ्यांतून भेगा निघू लागतात.

रबर काढलं की आवाजही आत येतो. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरी इंजिनात दर फेऱ्याला तीन ज्वलनं होतात. 2300 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 115. आणि दीड मीटरच्या बंद केबिनमधली हवा नेमकी त्याच्याच आसपास, 114 हर्ट्झला घुमते. हे ढोबळ गणित आहे, पण एका ठरावीक वेगाला केबिनचा नगारा का होतो, ते यातून कळतं.

लोखंडाचे प्रश्न मोजपट्टीने सुटतात. तारांचे तसे सुटत नाहीत. बॉशने 1986 मध्ये डेट्रॉइटला कॅन बस नावाची पद्धत मांडली. गाडीतले सगळे छोटे संगणक एकाच तारांच्या जोडीवरून एकमेकांशी बोलतात, अशी ही व्यवस्था. इंजिनचा संगणक डॅशबोर्डला विचारतो, डॅशबोर्ड किल्लीला ओळखतो, ब्रेकचा संगणक सगळ्यांचं ऐकतो. बॉडीबरोबर यातले निम्मे भाग फेकून दिले की उरलेले गोंधळतात; इंजिन सुरू होत नाही, किंवा होऊन लंगडत चालतं. शहाणी माणसं म्हणून गाडी उघडी करताना एकही तार कापत नाहीत. कधी कधी तर नवा डॅशबोर्डच जुन्या केबिनमध्ये बसवलेला दिसतो. डोळ्यांना तो खुपतो, पण त्यामागचं कारण आता कळेल.

घसरण रोखणारी यंत्रणा यातली सर्वांत नाजूक. स्टिअरिंग किती वळलं आणि वेग किती आहे यावरून गाडी किती वळायला हवी होती, याचा हिशोब ती सतत करते. प्रत्यक्षात तेवढी वळली नाही तर एकेका चाकाला ब्रेक लावते. त्या हिशोबात व्हीलबेस धरलेला असतो. आपण साठ सेंटिमीटर कापले, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ती जुनाच आकडा धरून बसते आणि साध्या वळणावरही गाडी घसरतेय, असा तिचा समज होऊ शकतो. जुन्या, निव्वळ यांत्रिक पंपाच्या कमिन्सवर लोक का जीव टाकतात, त्याचं उत्तर इथे आहे. त्या इंजिनाला चालू राहायला इंधनाची झडप उघडी धरणारी जवळपास एकच तार पुरते.

उष्णतेचं सांगायला हवं, कारण तिचा विचार बहुधा शेवटी होतो. टर्बोत, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपात, दाबलेली हवा तापते, तिला थंड करायला पुढे इंटरकूलर हवा, त्याच्या मागे मोठा रेडिएटर. जुन्या गाडीचं नाक या दोघांसाठी अरुंद. आणि मागे काजळी गाळणारा फिल्टर असतो, तो साचलेली काजळी जाळून टाकताना 600 अंशांच्या आसपास तापतो. जुन्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा. फिल्टर आणि फळ्यांमध्ये उष्णतारोधक पत्रा आणि मोकळी हवा ठेवावीच लागते. फिल्टरच काढून टाकणं हा उपाय नाही. अमेरिकेत ते बेकायदा आहे, आणि मागून येणाऱ्याच्या फुप्फुसांना त्या केबिनच्या सौंदर्याशी काही देणंघेणं नसतं.

अपघाताच्या वेळी काय होईल, याचं उत्तर मात्र सुखाचं नाही. नव्या चेसिसच्या दांड्यांची पुढची टोकं चुरगळून धक्का शोषतील अशी घडवलेली असतात, आणि आखूड नाकाखाली बसवताना बरेचदा तीच कापली जातात. एअरबॅग ज्या केबिनसाठी जुळवल्या होत्या, ती आता नाही. त्यांच्या जागी येतो जुना, न दुमडणारा स्टिअरिंगचा दांडा. तो तरी बदलावा, आणि तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा भक्कम जागी बसवावा.

सगळं जुळून आल्यावर करायची एक परीक्षा अगदी साधी आहे. गाडी सपाट जागी उभी करून केबिनचं दार उघडायचं, लावायचं, फटी पाहून ठेवायच्या. मग पुढचं एक चाक जाड ठोकळ्यावर चढवायचं आणि तेच दार पुन्हा लावून पाहायचं. पहिल्यासारखंच लागलं तर पीळ रबरात जिरतोय. दाराच्या चौकटीला घासलं, तर बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्या रबरापासून सुरुवात.