नाक म्हणजे चौदा

न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या लोकांना 'एक, दोन आणि पुष्कळ' यांपलीकडे मोजता येत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे अजूनही ठाण मांडून बसलेली आहे. चांगली शिकलेली माणसेही ती बिनदिक्कत सांगतात, आणि तिच्या आधारे त्या भाषांना 'मागासलेल्या' ठरवून मोकळी होतात. त्याच डोंगरांतल्या एका छोट्या भाषाकुळात आणि त्याच्या शेजारणीत मोजण्याची जी रीत आहे, ती एकदा नीट समजून घेतली की ही समजूत टिकत नाही.

हा मुलूख पापुआ न्यू गिनीच्या पश्चिम टोकाला, इंडोनेशियाच्या सीमेलगत आहे. सेपिक आणि फ्लाय या देशातल्या दोन मोठ्या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. इथल्या टेलेफोल, मियान, टिफाल, फैवोल, बिमिन आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाणारी न्गालुम या भाषा, आणि दक्षिणेच्या सखल भागातल्या त्यांच्या काही बहिणी, मिळून 'ओक' नावाचे कुळ होते. अ‍ॅलन हीली यांनी १९६० च्या दशकात या कुळाची व्यवस्थित मांडणी केली. 'ओक' म्हणजे पाणी किंवा नदी. तांब्याच्या आणि सोन्याच्या खाणीमुळे जगाला ठाऊक झालेल्या ओक टेडी नदीच्या नावात हाच शब्द आहे. या कुळाच्या पूर्वेला ऑक्सापमिन ही काही हजार लोकांची भाषा आहे. ती ओक कुळातली की बाहेरची, या प्रश्नाकडे पुढे येऊ.

ऑक्सापमिन माणूस मोजतो ते स्वतःच्या शरीरावर. सुरुवात एका हाताच्या अंगठ्यापासून होते: अंगठा १, तर्जनी २, मधले बोट ३, अनामिका ४, करंगळी ५. आपली बोटे इथे संपली असती. ऑक्सापमिन गणना मात्र हातावरून वर चढू लागते. मनगट ६, कोपराखालचा हात ७, कोपर ८, दंड ९, खांदा १०, मानेची बाजू ११, कान १२, डोळा १३ आणि नाक १४. नाकावरून गणना पलीकडच्या बाजूला उतरते. दुसरा डोळा १५, दुसरा कान १६, असे करत दुसऱ्या हाताचे मनगट २२, मग त्या हाताचा अंगठा २३ आणि करंगळी २७. अवयवाचे नाव हेच संख्येचे नाव. पलीकडच्या बाजूसाठी त्याच नावाआधी 'तान' जोडले जाते, म्हणजे 'किना' हा डोळा १३ आणि 'तान-किना' हा पलीकडचा डोळा १५.

शरीराच्या मधल्या रेषेवर एकटे नाक आहे आणि दोन्ही बाजूंना तेरा-तेरा जागा आहेत, म्हणून बेरीज सत्तावीस होते. याच देशातल्या केवा भाषेत अशा ४७ जागा आहेत, फोई भाषेत ३७ आणि कालुली भाषेत ३५. प्रत्येक भाषा वाटेतले किती थांबे धरते त्यावर आकडा ठरतो, पण मधला थांबा एकच असल्याने तो विषम येतो. सत्तावीस हा आकडा दिसला की आपल्याकडे कोणीतरी सत्तावीस नक्षत्रांची आठवण काढतो आणि प्राचीन संबंधाचा शोध लागल्याचे जाहीर करतो. चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी पूर्ण करायला सव्वासत्तावीस दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो, हे नक्षत्रांच्या सत्तावीसचे कारण आहे. ऑक्सापमिन सत्तावीसचे कारण नाकाच्या दोन्ही बाजूंना सारखेच अवयव असणे हे आहे. कारणे वेगळी असली की आकडे जुळण्याला काही अर्थ उरत नाही. शब्दांच्या जुळणीचेही तसेच आहे. पापुआ न्यू गिनीच्या चलनाचे नाव 'किना' आहे आणि ऑक्सापमिन डोळाही 'किना', पण चलनाचे नाव न्यू ब्रिटन बेटावरच्या कुआनुआ या पूर्णपणे वेगळ्या कुळातल्या भाषेतून आले असून तिथे त्याचा अर्थ देवघेवीत वापरला जाणारा मोत्याचा शिंपला असा आहे.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. बेरीज कशी करायची? जेफ्री सॅक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ पासून ऑक्सापमिन लोकांमध्ये हाच प्रश्न अभ्यासला. जुन्या व्यवहारात वस्तू समोर असत आणि त्या मोजणे पुरे असे. न दिसणाऱ्या वस्तूंची बेरीज करण्याची वेळ क्वचितच येई. पुढे तरुण मळ्यांवर मजुरीला जाऊन पैसे घेऊन परतले, गावात छोटी दुकाने निघाली आणि नऊ अधिक सात किती हे वस्तूंवाचून सांगावे लागू लागले. दंडावर (९) थांबून पुढे सात जागा मोजायच्या, पण सात झाल्या हे कळणार कसे? दुकानदारांनी काढलेली युक्ती अशी: दंडाच्या पुढचा खांदा दाबायचा, पण त्याला 'खांदा' न म्हणता 'अंगठा' म्हणायचे. मानेला 'तर्जनी', कानाला 'मधले बोट', डोळ्याला 'अनामिका', नाकाला 'करंगळी', पलीकडच्या डोळ्याला 'मनगट', आणि पलीकडच्या कानाला 'कोपराखालचा हात'. हे नाव सातचे, म्हणून इथे थांबायचे. बोट पलीकडच्या कानावर आहे, म्हणजे उत्तर सोळा. एकच जागा एकाच वेळी दोन संख्या वाहते. बोट एकूण बेरीज दाखवते आणि तोंडातले नाव मिळवलेला भाग मोजते. आपण 'हातचा एक' म्हणतो तेव्हा निदान कागदाची सोय असते. इथे सगळा हिशेब बोट आणि तोंड यांच्यात वाटून दिलेला आहे, आणि तो कोणत्याही शाळेने शिकवलेला नाही.

पैशाने मोजणीची लांबीही बदलली. ऑस्ट्रेलियन अमलात एका पौंडाचे २० शिलिंग होत, म्हणून पैसे मोजताना लोक सत्तावीसपर्यंत न जाता पलीकडच्या कोपरावर, म्हणजे विसावर, थांबू लागले आणि तिथून नव्याने अंगठ्यापासून सुरू करू लागले.

आता नात्याचा प्रश्न. टेलेफोल भाषेतही शरीरावरच मोजतात, तिथेही जागा २७ आहेत आणि तिथेही नाक १४ वरच आहे. फरक इतकाच की टेलेफोल गणना करंगळीपासून निघते आणि करंगळीवरच संपते. एवढे साम्य पाहून दोन्ही भाषा बहिणी ठरवाव्यात असे कोणालाही वाटेल. ते चूक आहे. केवा, फोई आणि कालुली या तीन वेगवेगळ्या शाखांतल्या भाषा, तरीही तिघींत हीच रीत आहे. म्हणजे मोजण्याची रीत शेजाऱ्याकडून उचलता येते. कन्नडमध्ये आणि मराठीत 'अक्का' आणि 'अण्णा' दोन्ही आहेत, म्हणून मराठी द्रविड ठरत नाही. नात्यातल्या जोडीसाठी, उदाहरणार्थ आई आणि मूल यांच्यासाठी, स्वतंत्र शब्द असणे हेही ओक भाषांत आणि ऑक्सापमिनमध्ये सारखे आहे. आपल्याला 'मायलेकी' किंवा 'मामाभाचे' यांमुळे ही कल्पना ओळखीची वाटेल, पण तीही शेजारातून पसरू शकते.

नाते ठरते ते ध्वनींच्या नियमित जुळणीवरून. संस्कृतात 'पितृ', 'पाद', 'पञ्च' आणि इंग्रजीत 'फादर', 'फूट', 'फाइव्ह'. जिथे एकीकडे 'प' तिथे दुसरीकडे 'फ', हे एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा घडते, तेव्हाच समान पूर्वज मानता येतो. त्याला व्याकरणाच्या प्रत्ययांची जोड मिळाली तर पुरावा अधिक भक्कम होतो, कारण शब्दांच्या मानाने प्रत्यय फार कमी उसने घेतले जातात. ऑक्सापमिनने ओक शेजाऱ्यांकडून पुष्कळ शब्द घेतले असल्याने ही चाळणी फार बारीक लावावी लागते. ऑक्सापमिनचा अभ्यास करणाऱ्या रॉबिन लॉकनन आणि मियानचा अभ्यास करणारे सेबॅस्टियन फेडेन या दोघांनी मिळून ती लावली, आणि २०११ मध्ये दोन्हींचे मूळ एक असल्याचा निष्कर्ष मांडला. सर्व अभ्यासकांनी तो स्वीकारलेला नाही. काहींच्या मते ऑक्सापमिनचे ओकशी असे खास जवळचे नाते नसून, न्यू गिनीभर पसरलेल्या मोठ्या ट्रान्स-न्यू गिनी कुळातले दूरचे नातेच काय ते आहे.

दरम्यान मोजणी बदलतच राहिली. ऑक्सापमिन लोक पूर्वी गणना पूर्ण झाली की मूठ उंचावून 'तित फू' म्हणत. 'तित' म्हणजे एक, आणि 'फू'चा अर्थ भरपूर, पूर्ण. पैशाच्या व्यवहारात 'फू' विसावर आला. सॅक्स २००१ मध्ये पुन्हा तिथे गेले, तेव्हा हाच शब्द एखाद्या संख्येची दुप्पट सांगण्यासाठी वापरला जात होता.