पेस्लिपच्या ॲपवर गप्पा का रंगत नाहीत?

हिंजवडी असो, खराडी असो नाहीतर मगरपट्टा, आयटीवाल्यांच्या मोबाईलमध्ये एचआरचं एक ॲप असतंच. महिनाअखेरीला पेस्लिप बघायची, पंच करायचं राहिलं तर अटेंडन्स रेग्युलराइझ करायचा, एवढ्यासाठी उघडायचं, बाकी वेळ ते बिचारं तसंच पडून. आता डार्विनबॉक्स, केका, झोहो पीपल अशा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सोशल फीडपण आलंय, पोस्ट टाका, लाइक करा, कलीगचं कौतुक करा वगैरे. आणि त्या फीडवर असतं काय, तर सिस्टिमने आपोआप टाकलेलं 'हॅपी बर्थडे' आणि खाली ओळीने 'एचबीडी' न् केकचे इमोजी. त्याच टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कोणी पेपर टाकला (म्हणजे राजीनामा दिला), कोणाला किती हाइक मिळाली, वाकडच्या पुलावर किती जाम आहे, सगळं धो धो चालू!

यामागे थोडं गणित आहे. एचआर सॉफ्टवेअरला कंपनी दिसते ती रिपोर्टिंगच्या रेषांनी, प्रत्येकाला एक मॅनेजर, त्याला त्याचा मॅनेजर. हजार माणसांच्या कंपनीत अशा रेषा ९९९ (सगळ्यात वरच्याला साहेब नाही म्हणून एक कमी). पण कोणीही कोणाशीही बोलू शकतं असं धरलं तर जोड्या होतात ४,९९,५००. आता सगळे सगळ्यांशी बोलत नाहीत हे उघड आहे, तरी एका कॉलेजातले, एका बसने येणारे, टपरीवर कटिंग मारायला बरोबर जाणारे, अशी खरी ओळखपाळख या पाच लाखांतच कुठेतरी असते आणि सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी कॉलमच नसतो.

बरं, या वरवरच्या ओळखी फालतू नसतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर एक गाजलेला पेपर लिहिला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के, बाकीचे कधीतरी किंवा क्वचित भेटणारे. कारण साधं आहे, जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालापण माहीत असतं, नवीन बातमी येते ती लांबच्याकडून.

आणि ऑफिसात नेमकी हीच लांबची माणसं आधी तुटतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पहिल्या सहामाहीतला डेटा तपासला, तर वर्क फ्रॉम होममुळे लोक आपापल्या कोंडाळ्यात जास्त अडकले आणि दोन गटांना जोडणारे दुवे कमी झाले असं दिसलं. म्हणजे गरज तर आहेच, मग ही जागा एचआरच्या ॲपने भरायला काय हरकत आहे?

हरकत अशी की ज्या लॉगिनमागे तुमची रजा, पगार आणि अप्रेझल आहे तिथे कोण मोकळं बोलणार? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये टीम्सचा अभ्यास करून दाखवलं की बोललो तर आपल्यावर शेकणार नाही हा भरवसा असेल तिथे लोक चुका सांगतात, मदत मागतात, शिकतात. एचआरच्या ॲपवर हा भरवसा मुळातच कमी, कारण ते ज्यांच्या ताब्यात आहे तेच वॉर्निंग लेटरही काढतात. नुसते पैसे ओतूनपण हे जमत नाही, फेसबुकने २०१६ ला ऑफिसांसाठी वर्कप्लेस काढलं आणि २०२४ मध्ये ते बंद करतोय म्हणून जाहीर केलं. एचआर सॉफ्टवेअर तरी नव्हतं ते!

माझ्या मते या ॲपने गप्पांचा नाद सोडावा आणि माणूस शोधून द्यावा. जर्मन कोणाला येतं, बँकिंगच्या प्रोजेक्टवर आधी कोणी काम केलंय, चिंचवडहून रोज गाडी कोण आणतं आणि तिच्यात एक सीट रिकामी आहे का, यातली बरीच माहिती एचआरकडे आधीच पडलेली असते, ज्याला दाखवायची आहे त्याला विचारून ती सर्चमध्ये आणली की झालं, पुढचं बोलणं लोक त्यांचं ते करतात, चहावर किंवा फोनवर. फक्त फीडवरचे लाइक-कमेंट मोजून ते अप्रेझलला जोडायचा मोह एचआरने टाळावा, नाहीतर मार्चमध्ये अख्खी कंपनी सीईओच्या पोस्टखाली 'व्हेरी इन्स्पायरिंग सर' लिहीत बसेल.